रानपिंगळा : पाहण्याची हाव आणि राखण्याचे ऋण

नाताळ उरकला की आपल्या धर्मग्रामांतून सहलींचे वारे वाहू लागते. पूर्वी या सहली समुद्रकिनारी, एखाद्या तीर्थक्षेत्री किंवा फार तर माथेरानला जात. अलीकडे त्यांत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. गळ्यात दुर्बीण, हाती पक्ष्यांचे सचित्र पुस्तक, पाठीवर जेवणाचे डबे आणि सोबत दोनचार मुले अशी कुटुंबे पहाटेची कसारा लोकल पकडून आसनगावला किंवा आटगावला उतरतात; कोणी कल्याणहून मुरबाडचा रस्ता धरतात. शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांची राने हिवाळ्यात पक्ष्यांनी गजबजलेली असतात. त्या सर्व पक्ष्यांत आज सर्वांत मोठा मान घुबडांना आहे. ज्या पक्ष्याचे नाव उच्चारताच आपल्या आज्या दाराला कडी घालीत, त्याला पाहण्यासाठी त्यांची नातवंडे थंडीत कुडकुडत रानात उभी राहतात, हा बदल लहान नव्हे.

या छंदाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. दूरदर्शन संच आणि भ्रमणध्वनी यांच्यापुढे खिळून बसलेले घर एका पाखरासाठी उठून बाहेर पडते, यात आनंदच आहे. परंतु केवळ स्वागत करून थांबणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. दुर्मिळ घुबड मुलांना ‘दाखवण्याची’ जी रीत रूढ होत चालली आहे, ती त्या पक्ष्याच्या जिवावर उठणारी आहे. आणि घुबड पाहून घरी परतल्यावर त्याच्या रानाविषयी आपण जे मौन पाळतो, ते त्याहूनही घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. काही वाचकांना ते रुचणार नाही. तरीही ते मांडणे आम्हांस कर्तव्य वाटते.

ज्या घुबडासाठी ही सारी धावपळ चालते, ते म्हणजे रानपिंगळा. आपल्या आंब्याच्या किंवा चिंचेच्या ढोलीत राहणारा ठिपक्यांचा पिंगळा सर्वांच्या परिचयाचा आहे. रानपिंगळा हा त्याचाच भाऊबंद. मात्र त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची तशी दाटी नसते, छाती गडद तपकिरी असते, पोट पांढरे असते आणि डोके अंगाच्या मानाने थोराड दिसते. वीतभर उंचीच्या या पाखराचा इतिहास मात्र एखाद्या कादंबरीला लाजवील असा आहे. १८७२ साली आजच्या छत्तीसगडच्या भागात एफ. आर. ब्लेविट यांना त्याचा पहिला नमुना मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला ब्लेविट यांचे नाव दिले. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. त्यानंतरच्या दशकात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात आणखी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणालाच दिसला नाही. जगातील मोजक्या संग्रहालयांच्या कपाटांत त्याची पेंढा भरलेली सात कातडी तेवढी उरली.

मध्यंतरी रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाच्या एका नामांकित इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने, आपण हा पक्षी १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे मारला, असा दावा केला. त्याचे नाव मोठे असल्याने दावा खरा मानला गेला आणि शोध घेणारे भलतीकडे भरकटले. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या अभ्यासकांनी त्याचे नमुने बारकाईने तपासले, तेव्हा निराळेच सत्य बाहेर आले. त्याच्याजवळचा रानपिंगळा मुळात डेव्हिडसनने मिळवलेला होता. ब्रिटिश संग्रहालयातून तो चोरून, पुन्हा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी डकवण्यात आली होती. ती चिठ्ठी बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे जुन्या, विश्वासार्ह ठिकाणांकडे वळले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी तो जगाला पुन्हा भेटला. त्यानंतर सातपुड्यात आणि मेळघाटात त्याची वस्ती आढळत गेली. २०१४ च्या ऑक्टोबर महिन्यात तर तो आपल्या अगदी उंबरठ्यावर, तानसा अभयारण्यात सापडला. सह्याद्रीच्या पश्चिमेला, मुंबईपासून शंभरएक किलोमीटरच्या आत तो राहत असेल, असे तोवर कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

हा इतिहास सविस्तर सांगण्याचे कारण आहे. माइनर्ट्‌झहागेनला त्या पक्ष्यावर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? त्याने उभा जन्म पक्ष्यांच्या मागे घालवला. परंतु त्याला पक्ष्यापेक्षा नोंद अधिक प्यारी होती. ‘मी पाहिला, मी मिळवला’ हे सांगण्याची हाव एवढी वाढली की सत्याचा बळी गेला आणि एका मरणपंथाला लागलेल्या जातीचा शोध लांबला. आज कोणी पक्ष्याचे कातडे सोलत नाही, बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे. हाव मात्र तीच आहे. तिने केवळ सभ्य कपडे चढवले आहेत, आणि म्हणूनच ती आपल्या मुलाबाळांच्या सहलीत बिनदिक्कत येऊन बसते.

त्या सहलींतून जे चालते ते आम्ही गेल्या काही हिवाळ्यांत डोळ्यांनी पाहिले आहे. सागाच्या रानात मंडळी पोहोचतात. मुले कंटाळू नयेत आणि दुपारच्या जेवणाची वेळ टळू नये म्हणून लवकरात लवकर पक्षी दिसायला हवा असतो. मग खिशातून भ्रमणध्वनी निघतो, त्याला छोटा ध्वनिवर्धक जोडला जातो आणि पिंगळ्याचा मुद्रित आवाज रानात घुमू लागतो. काही क्षणांत एक पाखरू डहाळीवर येऊन बसते, मान वळवून इकडे तिकडे पाहते, हाक देते. कॅमेरे कडकडू लागतात. छायाचित्र नीट आले नाही म्हणून तो आवाज पुन्हा लावला जातो. ही मंडळी निघून जातात आणि तासाभराने दुसरी टोळी त्याच झाडाखाली तोच आवाज लावते.

यात बिघडले काय, असे विचारले जाते. बिघडते ते असे. रानपिंगळा हा काही उत्तरेकडून थंडीपुरता येणारा पाहुणा नाही. आखूड कानांचे घुबड तसे हिवाळ्यात येते आणि माळरानांवर उतरते. रानपिंगळा वर्षभर आपल्याच रानात राहतो. त्याचा विणीचा काळ साधारणपणे ऑक्टोबरपासून मेपर्यंतचा. म्हणजे आपल्या नाताळाच्या सुट्टीत आणि जानेवारीच्या रविवारी जेव्हा गाड्या शहापूरकडे वळतात, नेमके तेव्हा ते जोडपे ढोली राखीत असते, अंडी उबवीत असते किंवा पिलांना भरवीत असते. आपण लावलेला आवाज त्याच्या कानी कोणत्या अर्थाने पडतो? आपल्या हद्दीत परका नर शिरला, या अर्थाने. मग तो हाकेला उत्तर देण्यासाठी शिकार सोडतो, ढोलीपासून दूर येतो, उघड्या डहाळीवर बसून शिकरा आणि इतर शिकारी पक्ष्यांच्या नजरेस पडतो. जो शत्रू मुळात नाहीच त्याच्याशी तो दिवसभर भांडत राहतो. आपण ज्याला ‘किती छान पोझ दिली’ म्हणतो, ती त्या पाखराची धास्ती असते.

‘एकदोन मिनिटे आवाज लावला तर पक्षी काही मरत नाही,’ असा एक युक्तिवाद आहे. एका कुटुंबाची ती दोन मिनिटे असतात हे खरे. त्या झाडाची मात्र तशी पंधरा कुटुंबे एका रविवारी होतात आणि हिवाळ्यात असे वीसेक रविवार येतात. दुसरा युक्तिवाद असा की, शास्त्रज्ञही आवाज लावूनच या पक्ष्यांची गणना करतात. करतात, पण ते वनखात्याच्या परवानगीने, ठरलेल्या जागी, मोजून थोडा वेळ, आणि त्या नोंदीतून त्या रानाच्या रक्षणाला आधार मिळावा म्हणून. शल्यविशारद सुरी चालवतो म्हणून आपणही स्वयंपाकघरातील सुरी घेऊन शेजाऱ्याच्या पोटावर चालवावी, असे कोणी म्हणत नाही.

तिसरा युक्तिवाद अधिक भावनाप्रधान आणि म्हणूनच अधिक फसवा आहे. ‘मुलांनी पक्षी पाहिलाच नाही तर त्यांना त्याचे प्रेम वाटणार कसे?’ आमचे म्हणणे उलट आहे. मागितले की हजर होणारे पाखरू पाहून मुलाला प्रेम वाटत नाही, मालकी वाटते. वास्तविक रानपिंगळ्यासाठी अशा क्लृप्तीची गरजही नाही. बहुतेक घुबडे रात्रीची. हा मात्र दिवसाउजेडी वावरणारा, सरडे, सापसुरळ्या, उंदीर आणि किडे टिपणारा पक्षी आहे. हिवाळा सरता सरता सागाची पाने झडतात आणि उघड्या फांदीवर बसलेला पिंगळा शांतपणे थांबणाऱ्याला दिसू शकतो. दिसला नाही तरी बिघडत नाही. झाडाखाली पडलेली, घुबडाने ओकून टाकलेली हाडाकेसांची गोळी मुलाच्या तळहातावर ठेवा. त्यातील उंदराचा इवलासा जबडा शोधायला सांगा. शहरातील कोणती शाळा हा धडा देते? थांबणे, गप्प राहणे आणि रिकाम्या हाताने परतणे हे शिकवणारी सहल आम्ही यशस्वी मानतो.

रात्रीच्या घुबडांची गत तर याहून वाईट. हुमा घुबड, शृंगी घुबड, गव्हाणी घुबड यांच्या डोळ्यांची रचनाच मंद प्रकाश टिपण्यासाठी झालेली असते. त्यांवर प्रखर विजेरीचा झोत रोखून धरला की काही काळ त्यांना धड दिसेनासे होते. त्या अवस्थेत भेदरून उडालेले पाखरू फांदीवर किंवा तारेवर आदळू शकते. हे सारे मुलांच्या देखत, ‘बघ, बघ, कसे टकमक पाहते आहे’ म्हणत चालते. शिवाय घरी आल्यावर छायाचित्रासोबत त्या जागेचा नेमका ठावठिकाणा जगभर पसरवला जातो. घुबडांचा चोरटा व्यापार करणाऱ्याला मग वाटाड्याची गरज उरत नाही. तो व्यापार काल्पनिक नाही. ‘ट्रॅफिक’ या संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत भारतातील घुबडांच्या सुमारे ३० जातींपैकी १५ जाती बाजारात आढळल्याचे नमूद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबडांची शिकार आणि विक्री हा गुन्हा ठरवला असला, तरी जादूटोण्यासाठी आणि दिवाळीच्या सुमारास बळी देण्यासाठी ती पकडली जातात.

अंधश्रद्धेचा विषय निघाला की आपल्यापैकी अनेकांच्या चेहऱ्यावर एक सुटकेचे हसू उमटते. हे सारे इतरांचे, आपला त्याच्याशी संबंध नाही, असा तो भाव असतो. तो खरा नाही. घरावर घुबड ओरडले म्हणून आजाऱ्याच्या उशाशी जपमाळ धरणारी घरे आपल्या धर्मग्रामांतही आहेत. ‘शास्त्रातच त्याला अशुद्ध म्हटले आहे’ असा दाखलाही कोणी देतो. लेवीयाच्या अकराव्या अध्यायात घुबडाची गणना निषिद्ध पक्ष्यांत आहे, ही गोष्ट खरी. परंतु तो निषेध खाण्याचा आहे. खाऊ नका असे सांगितले, म्हणजे मारा असे सांगितले, हा अर्थ कोठून काढला? त्याच पवित्र शास्त्रात, १०२ व्या स्तोत्रात, दुःखाने पोळलेला भक्त स्वतःला ओसाड जागेतील घुबडाची उपमा देतो. आणि अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात तर वाटेवर घरटे आढळले असता अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेल्या आईला हात लावू नये, असा स्पष्ट नियम घालून दिला आहे. विणीच्या दिवसांत ढोलीवरून आईला हाकेने उठवणाऱ्या सहलीला हा नियम लागू होत नाही काय? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रकात, आपल्यामुळे ज्या जाती नामशेष होतात त्या देवाची स्तुती करायला उरत नाहीत आणि असे करण्याचा हक्क आपल्याला नाही, या आशयाचे विवेचन केले आहे. ते पत्रक आपण अभ्यासवर्गात वाचले. रानात जाताना ते घरीच का राहते?

येथवरचे बोलणे अनेक सुजाण वाचकांना मान्य होईल. आवाज लावणार नाही, विजेरी रोखणार नाही, असे ते म्हणतील आणि आपण पक्ष्याचे देणे फेडले, या समाधानात राहतील. आमचा खरा वाद येथून पुढे सुरू होतो. पक्षी शिस्तीने पाहिला, म्हणजे तो राखला असे होत नाही.

रानपिंगळा स्वतः ढोली खोदत नाही. जुन्या झाडाला पडलेली नैसर्गिक पोकळी त्याला लागते. अशी पोकळी तयार व्हायला झाडाची कित्येक वर्षे जावी लागतात. म्हणूनच ‘एक झाड तोडले तर दहा लावू’ या सरकारी आश्वासनात त्याच्यासाठी काहीच नसते. त्या दहा रोपांत ढोली पडेपर्यंत पिंगळ्याच्या अनेक पिढ्या घराविना मरून जातील. जगभरात आज या पक्ष्याची प्रौढ संख्या २५० ते ९९९ च्या दरम्यान असावी, असा अंदाज आहे. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ साली त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणले. ती बढती अधिक ठिकाणी तो सापडल्यामुळे मिळालेली आहे; त्याची राने निर्धोक झाल्यामुळे नव्हे.

आता या रानांशी आपला संबंध काय ते पाहू. तानसा अभयारण्य सुमारे ३२० चौरस किलोमीटरचे आहे. त्याच्या मधोमध जो तलाव आहे, त्याचे धरण १८९२ साली बांधून झाले ते मुंबईची तहान भागवण्यासाठी. शहापूर तालुक्यातच भातसा धरण आहे आणि मुंबईच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे तेथून येते. वैतरणेवरच्या धरणांचे पाणीही याच डोंगराळ मुलखातून शहराकडे जाते. वांद्र्याच्या, मालाडच्या किंवा मुलुंडच्या स्वयंपाकघरात नळ उघडला की जे पाणी पडते, ते पिंगळ्याच्या रानाने अडवलेले, मुरवलेले, झिरपवलेले पाणी असते. आपण त्या रानात पाहुणे म्हणून जातो, असे समजतो. वस्तुतः आपण गेली सव्वाशेहून अधिक वर्षे त्याचे ऋणको आहोत.

आणि ऋण फेडणे दूरच, शहर नवे कर्ज मागते आहे. मुंबईला दररोज ४४ कोटी लिटर पाणी मिळावे म्हणून गारगाई नदीवर धरणाचा प्रस्ताव पुढे आला आहे. त्यात तानसा अभयारण्याचा भाग बुडणार असून तोडाव्या किंवा बुडवाव्या लागणाऱ्या झाडांची मोजदाद लाखांत होते. मुरबाड तालुक्यात काळू नदीवरील धरणाची कथा आणखी बोलकी आहे. सुमारे हजार हेक्टर वनजमीन बुडवणाऱ्या या धरणाचे काम वनविषयक मंजुरी पदरात नसतानाच सुरू झाले. श्रमिक मुक्ती संघटनेने न्यायालयात धाव घेतली आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबवले. त्यानंतरही तो प्रकल्प पुढे रेटण्याचे प्रयत्न होत राहिले. दरम्यान शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो दिवस जागतिक पर्यावरणदिन होता, हा योगायोग कोणाच्या लक्षात आला की नाही, कोण जाणे.

येथे ठरलेला प्रश्न येतो : ‘माणूस मोठा की घुबड?’ सभांतून हा प्रश्न टाळ्या मिळवतो. आम्ही त्याचे उत्तर देण्यापूर्वी विचारू, कोणता माणूस? भातसा आणि तानसा ज्या तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. धरणाच्या पाण्यावर मुंबईतील गाड्या धुतल्या जातात आणि धरणाच्या काठावरची ठाकूर, कातकरी, वारली बाई हंडा घेऊन दोन डोंगर चढते. तेव्हा झगडा माणूस आणि घुबड यांच्यातला नाहीच. घुबडाचे रान बुडते तेव्हा त्याच पाण्याखाली पाडा बुडतो, मोहाची झाडे बुडतात, भाताची खाचरे बुडतात. या लढाईत घुबड आणि आदिवासी एकाच बाजूला उभे आहेत, आणि दुसऱ्या बाजूला आपला नळ आहे.

‘रान तर आदिवासीच तोडतात’ हा आरोपही आम्ही सहलीच्या गाडीत अनेकदा ऐकला आहे. लाकूडतोड आणि वणवे यांचा रानपिंगळ्याला धोका आहे आणि तो अभ्यासकांनी नोंदवलेला आहे. हे लपवण्याचे कारण नाही. पण राबासाठी ऐनाच्या फांद्या छाटणारा शेतकरी झाड उभे ठेवतो, कारण पुढच्या वर्षी त्याला पुन्हा त्याच्याचकडे यायचे असते. धरण झाड उभे ठेवीत नाही. आणि हेही आठवावे की, ज्याला शोधायला जगाला एक शतक लागले तो पक्षी पाड्यांच्या शेजारी, त्यांच्या राबाच्या आणि मोळीच्या रानात टिकून होता. आपल्याला वाट दाखवून चार पैसे मिळवणाऱ्या पाड्यावरच्या तरुणाला तर आम्ही मुळीच दोष देणार नाही. पक्षी लवकर दाखव असा तगादा लावणारे आपण असतो. तोच तरुण हळू बोला म्हणाला, तर त्याचे ऐकणे आपले काम आहे.

हा विषय आपल्या समाजाला परका नसावा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या विहिरी उपसून टँकर शहराकडे धावू लागले, तेव्हा बागायती सुकतील आणि विहिरी खाऱ्या होतील म्हणून वसईकर रस्त्यावर उतरले होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले हरित वसईचे आंदोलन आपल्या वडीलधाऱ्यांनी स्वतः लढवले. त्या वेळी शहराच्या विकासाआड येणारे म्हणून आपल्यालाच हिणवले गेले होते. आपली विहीर हे आपले जीवन आणि मुरबाडच्या ठाकराची नदी हा मात्र शहराचा हक्क, असे दोन न्याय आपल्याला मांडता येणार नाहीत.

मग शहराने तहानलेले राहावे काय? तसे आम्ही म्हणत नाही. म्हणणे एवढेच की, जुन्या नळांतून गळणारे आणि वाटेत चोरीला जाणारे पाणी आधी रोखावे, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरावे, पावसाचे पाणी इमारतींतून साठवावे, ज्या तालुक्यातून पाणी नेले त्याला आधी पाणी द्यावे. हे सर्व करून झाल्यावर तहान उरली, तर नव्या धरणाविषयी बोलू. प्रत्येक वेळी सर्वांत आधी रानावर कुऱ्हाड पडते, ती इतर उपाय नाहीत म्हणून नव्हे. रान गप्प असते आणि त्याच्या वतीने बोलणारे थोडे असतात, म्हणून पडते. सहलीला जाणाऱ्या शेकडो कुटुंबांनी तोंड उघडले, तर ते थोडे राहणार नाहीत.

घुबडाला दगड मारू नये, ते तो दगड उचलून पाण्यात झिजवीत बसते आणि दगड झिजेल तसा मारणारा माणूसही झिजत जातो, अशी एक समजूत आपल्याकडे गावोगाव सांगितली जाते. समजूत खोटी आहे. घुबड असले काही करीत नाही. तथापि तिने किती घुबडे दगडांपासून वाचवली असतील, याचा विचार केला की आजीची भीती नातवाच्या हौसेपेक्षा त्या पाखराला अधिक मानवली असावी असे वाटते. भीती गेली हे चांगलेच झाले. तिच्या जागी आपण काय ठेवणार आहोत?

आमची सूचना साधी आहे. ज्या धर्मग्रामांतून, युवा संघांतून आणि कुटुंब मेळाव्यांतून अशा सहली निघतात, त्यांनी या हिवाळ्यापूर्वीच काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. मुद्रित आवाज कोणीही लावणार नाही. ढोलीपासून दूर राहावे आणि विजेरी घुबडावर रोखू नये. दुर्मिळ पक्ष्याचा नेमका ठिकाणा जाहीर करू नये. वाटाड्याला पक्षी दिसो न दिसो, ठरलेला मोबदला पूर्ण द्यावा. म्हणजे त्याला पाखरू छेडण्याची पाळी येणार नाही. मुलांना प्रथम आपल्याच चर्चच्या आवारातील पिंगळा आणि घंटाघरातील गव्हाणी घुबड ओळखायला शिकवावे. तानसाची वाट त्यानंतर धरावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, परतल्यावर छायाचित्रांच्या कौतुकात संध्याकाळ न घालवता त्या रानातून येणाऱ्या पाण्याचा, तेथे येऊ घातलेल्या धरणांचा आणि पाड्यांवरच्या टँकरचा विषय धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत घ्यावा, आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला लेखी विचारणा करावी. नळ आपला आहे, मत आपले आहे. तेव्हा विचारण्याचा अधिकारही आपला आहे. ज्यांना एवढे करणे जड वाटते, त्यांनी रानपिंगळा पाहायला न जाणे हीच त्यांनी त्या पक्ष्याची केलेली मोठी सेवा ठरेल.